जॉन्सन आणि जॉन्स्टन: मधला ‘ट’ फुकटचा नाही

डॉन ब्रॅडमनचा १९४८ चा संघ इंग्लंडच्या दौऱ्यात एकही सामना हरला नाही. त्या संघात इयन जॉन्सन होता आणि बिल जॉन्स्टनही होता. दोघेही व्हिक्टोरियाचे. जॉन्सन ऑफस्पिनर, जॉन्स्टन डावखुरा मध्यमगती गोलंदाज. त्या कसोटी मालिकेत सर्वाधिक, म्हणजे प्रत्येकी २७ बळी घेतले ते लिंडवॉल आणि जॉन्स्टन यांनी. १९५६ मध्ये भारतात आलेल्या ऑस्ट्रेलियन संघाचा कर्णधार होता तो मात्र जॉन्सन. जुन्या क्रिकेटवर मराठीत लिहिणारे लोक या दोघांना एकाच नावात कोंबतात आणि एकाचे बळी दुसऱ्याच्या खात्यावर जमा करतात. चूक दाखवली की ठरलेलं उत्तर येतं: ‘अहो, आडनाव एकच आहे, स्पेलिंग वेगळं.’

आडनाव एक नाही. ती दोन वेगळ्या घडणीची, दोन वेगळ्या मुलखांतली नावं आहेत.

जॉन्सनबद्दल फार सांगायला नको. जॉनचा मुलगा तो जॉन्सन. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जॉन हे नाव घरोघर होतं, त्यामुळे जॉनचे मुलगेही घरोघर होते. यॉर्कशरमध्ये १३७९ साली डोईपट्टीच्या याद्या झाल्या, त्यांत जॉन्सन भरपूर सापडतात. त्यातल्या पुष्कळांचं ते अजून आडनाव झालेलंच नव्हतं. कारकुनाने बापाचं नाव विचारलं आणि लिहून घेतलं, एवढंच. रॉबर्ट जॉन्सनचा मुलगा पुढच्या यादीत रॉबर्टसन किंवा रॉबिन्सन होऊ शकत होता. उत्तरेत हा प्रकार बराच काळ चालला आणि मग कुठल्या तरी एका पिढीत नाव गोठलं. ‘सन’ची ही पद्धत उत्तर इंग्लंडची आणि स्कॉटलंडच्या सखल भागाची. वेल्समध्ये त्याच जॉनचे जोन्स आणि इव्हान्स झाले. जॅक्सन, हॅन्सन, जेन्किन्स हेसुद्धा जॉनच्याच लाडक्या रूपांवरून आलेले आहेत. हे सगळं बहुतेकांना ठाऊक असतं.

घोटाळा होतो तो ‘ट’पाशी, आणि चांगले वाचणारे लोक तिथेच फसतात. त्यांचा तर्क वरवर बरोबर वाटतो. ते थॉम्सन आणि थॉम्पसनचं उदाहरण देतात. इलेक्ट्रॉन शोधणारे जे. जे. थॉमसन ‘प’ लावत नाहीत, इंग्लंडमधले पुष्कळ थॉम्पसन लावतात, आणि अर्थ दोन्हीकडे एकच: थॉमसचा मुलगा. तिथला ‘प’ खरोखरच फुकटचा आहे. ‘म’वरून ‘स’वर जाताना ओठ उघडतात आणि मध्ये आपोआप ‘प’ डोकावतो. सिम्पसनचंही तसंच. मग जॉन्सनमध्ये असाच एक ‘ट’ घुसला आणि जॉन्स्टन झालं, असं लोक धरून चालतात.

नाव कुठे तुटतं ते पाहा. जॉन्सन तुटतं ‘जॉन’ आणि ‘सन’ असं. जॉन्स्टन तुटतं ‘जॉन्स’ आणि ‘टन’ असं. म्हणजे दुसऱ्या नावातला ‘स’ मुलाचा नाहीच, तो षष्ठीचा प्रत्यय आहे: जॉनचा, जॉनची, जॉनचं. आणि ‘टन’ म्हणजे वस्ती. जुन्या इंग्रजीत ‘टून’ म्हणजे कुंपण घातलेला वाडा, शेतवस्ती, पुढे गाव. न्यूटन, वॉशिंग्टन, क्लिंटन यांच्या शेवटी आहे तोच हा ‘टन’. न्यूटनला कोणी ‘न्यूचा मुलगा’ म्हणत नाही. जॉन्स्टन म्हणजे जॉनच्या वाडीचा माणूस. यात मुलाचा उल्लेख कुठेच नाही.

आपल्याकडच्या नावांत मांडायचं तर जॉन्सन आपल्या मधल्या नावासारखं, बापाचं नाव सांगणारं, आणि जॉन्स्टन ‘कर’वाल्या आडनावासारखं, गाव सांगणारं. मधल्या नावाचं कोणी आडनाव करून टाकलं तर जे होईल, ते इंग्लंडमध्ये जॉन्सनचं झालं.

ही जॉनची वाडी नकाशावर दाखवता येते. स्कॉटलंडच्या दक्षिण टोकाला डम्फ्रीसशरमध्ये अ‍ॅनन नदीचं खोरं आहे, अ‍ॅननडेल. हा मुलूख ११२४ मध्ये राजा पहिल्या डेव्हिडने रॉबर्ट द ब्रूस या नॉर्मन सरदाराला दिला. पुढे स्कॉटलंडचा राजा झालेला प्रसिद्ध ब्रूस याच घराण्यातला. ब्रूसांच्या छत्राखाली आलेल्या लोकांत जॉन नावाचा एक जमीनदार होता. त्याच्या जमिनीला त्याचं नाव पडलं, आणि बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्याचा मुलगा गिल्बर्ट आणि पुढची पिढी त्या जमिनीचं नाव लावू लागली. मोफॅट आणि लॉकरबी यांच्या मधला जॉन्स्टन परगणा तो हाच. गंमत अशी की पहिला जॉन्स्टन खरोखरच एका जॉनचा मुलगा होता. तरी नाव त्याने बापावरून घेतलं नाही, जमिनीवरून घेतलं. घराणं जमिनीला चिकटलेलं राहिलं, म्हणून नावही पिढ्यान्‌पिढ्या तेच राहिलं.

इथून खरा फरक सुरू होतो. जॉन्सन हे आडनाव हजारो ठिकाणी, हजारो वेळा, एकमेकांशी काडीचा संबंध नसताना जन्माला आलं. लँकेशरचा जॉन्सन आणि लिंकनशरचा जॉन्सन यांना जोडणारी गोष्ट एकच: दोघांच्याही मागे कुठेतरी कोणी जॉन होता. जॉन्स्टन मात्र मोजक्या ठिकाणांहून आलं, आणि त्यातला सर्वांत मोठा प्रवाह अ‍ॅननडेलचा. म्हणून जॉन्स्टन हे कुळ आहे, जॉन्सन हे कुळ नाही.

त्या कुळाला इतिहासही आहे, आणि तो रक्ताळलेला आहे. इंग्लंड-स्कॉटलंड सरहद्दीवर गुरं पळवणारी, घरं जाळणारी जी घराणी होती, त्यांत जॉन्स्टन पहिल्या रांगेतले. शेजारच्या मॅक्सवेलांशी त्यांचं हाडवैर. डिसेंबर १५९३ मध्ये लॉकरबीजवळ ड्राइफ सँड्स इथे जॉन्स्टनांनी मॅक्सवेलांची फौज मोडली आणि खुद्द लॉर्ड मॅक्सवेलला ठार केलं. १६०८ मध्ये समेटाच्या भेटीला आलेल्या जॉन्स्टनप्रमुखाला मॅक्सवेलच्या मुलाने पाठीत गोळी घातली. त्याबद्दल १६१३ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

आडनावांवरून ‘घराण्याची ढाल’ विकणारी दुकानं आणि संकेतस्थळं आहेत, ती मला मनापासून खटकतात. इंग्लंडमध्ये चिन्ह माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळतं, आडनावाला मिळत नाही. ‘जॉन्सन घराण्याची ढाल’ अशी वस्तू अस्तित्वातच नाही, कारण जॉन्सन घराणं अस्तित्वात नाही. मग दुकानदार जॉन्स्टनांचं चिन्ह, पंख लावलेला स्पर (घोड्याला टोचायची, स्वाराच्या टाचेवरची आर), उचलतो आणि जॉन्सनच्या गळ्यात मारतो. लोक ते चौकटीत लावून भिंतीवर टांगतात.

स्पेलिंगच्या बाकी भानगडी किरकोळ आहेत. जॉन्स्टनच्या शेवटी ‘ई’ लावणारे आणि न लावणारे एकाच झाडाचे, आणि त्या ‘ई’मुळे दगडाशी संबंध जोडू नये. पुष्कळ घरं दोन्ही रूपं जॉन्स्टन अशीच उच्चारतात, तेव्हा मराठीत सरसकट ‘जॉन्स्टोन’ लिहू नये. ग्लासगोच्या पश्चिमेला जॉन्स्टन नावाचं एक शहर आहे, पण ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सूतगिरण्यांभोवती वाढलं. आडनाव त्याच्यापेक्षा सहा शतकं जुनं आहे. पर्थ शहराचं जुनं नाव ‘सेंट जॉन्स टाउन’ असं होतं. तिथला फुटबॉल क्लब १८८४ पासून सेंट जॉन्स्टन म्हणवतो, आणि थोडे जॉन्स्टन तिथूनही आले असणार.

आता उलटी वाहतूक, कारण तीही आहे आणि ती लपवून हा विषय सांगता येत नाही. सखल स्कॉटलंडमध्ये ‘सन’वाली नावं ढिगाने आहेत: रॉबर्टसन, अँडरसन, विल्सन, थॉमसन. मग तिथे जॉन्सन इतके कमी का? कारण त्यातले पुष्कळ जॉन्स्टन झाले. शेजारी बलाढ्य जॉन्स्टन कुळ असताना पाद्री आणि कारकून कानावर पडलेलं नाव ओळखीच्या रूपात लिहीत. डोंगराळ भागातल्या गेलिक ‘मॅक-इयन’चं, म्हणजे इयनच्या (तिकडच्या जॉनच्या) मुलाचं, इंग्रजीकरण कधी जॉन्सन झालं, कधी जॉन्स्टन. आयर्लंडच्या ‘मॅकशेन’चंही तेच, कारण शेन म्हणजेही जॉनच. त्यामुळे आज एखाद्या जॉन्स्टनला फक्त नावावरून अ‍ॅननडेलचा ठरवता येत नाही.

या वाहतुकीचं सर्वांत नामांकित उदाहरण शेक्सपिअरचा समकालीन नाटककार बेन जॉन्सन. तो १६१८ मध्ये लंडनहून एडिंबरापर्यंत पायी गेला आणि तिथे विल्यम ड्रमंड या कवीकडे राहिला. गप्पांत त्याने सांगितलं की आपले आजोबा कार्लाइलहून आले, आणि त्याआधी बहुधा अ‍ॅननडेलहून. कार्लाइल म्हणजे सरहद्दीच्या अलीकडचं पहिलं मोठं गाव. त्याचं म्हणणं खरं असेल, तर इंग्रजी साहित्यातला हा थोर ‘जॉन्सन’ मुळात जॉन्स्टन. तो स्वतः नावात ‘एच’ लिहीत नसे, आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याच्या थडग्याच्या दगडावर मात्र ‘एच’ कोरलेला आहे.

असं असलं तरी माणसांची अदलाबदल करायची मुभा मिळत नाही. एप्रिल १८६५ घ्या, अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा शेवट. लिंकनचा खून झाल्यावर अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच आठवड्यात नॉर्थ कॅरोलायनात दक्षिणेचे सेनापती जोसेफ जॉन्स्टन एका शेतकऱ्याच्या घरी उत्तरेच्या जनरल शर्मनशी शरणागतीच्या वाटाघाटी करत होते. त्यांचे आजोबा १७२६ मध्ये स्कॉटलंडहून व्हर्जिनियाला आलेले. १८ एप्रिलला ठरलेल्या अटी जॉन्सन सरकारने फेटाळल्या. २६ एप्रिलला जॉन्स्टननी नव्या अटींवर शरणागती पत्करली. आदल्याच महिन्यात त्यांनी शेवटची मोठी लढाई बेंटनव्हिलला दिली होती, आणि तो जिल्हाही जॉन्स्टन, गेब्रिएल जॉन्स्टन या स्कॉटिश गव्हर्नरच्या नावाचा. हा प्रसंग दोघांनाही ‘जॉन्सन’ म्हणून लिहिला तर राष्ट्राध्यक्ष स्वतःलाच शरण गेला असं वाचावं लागतं.

आज ही नावं कुठे आहेत ते या जन्मकथेशी जुळतं. सरहद्दीवरच्या टोळ्यांचा बंदोबस्त १६०३ नंतर राजा जेम्सने कठोरपणे केला, आणि थोड्याच वर्षांत आयर्लंडच्या उत्तरेत वसाहत सुरू झाली. जॉन्स्टन, आर्मस्ट्राँग, एलियट ही सरहद्दीवरची नावं फरमॅना परगण्यात जाऊन रुजली. उत्तर आयर्लंडमधल्या पहिल्या दहा आडनावांत आज जॉन्स्टन आहे. तिथून आणि स्कॉटलंडहून ते अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला पोचलं.

जॉन्सन सगळीकडेच आहे, पण अमेरिकेतली त्याची संख्या निव्वळ इंग्रजांमुळे झालेली नाही. २०१० च्या जनगणनेत तिथे १९,३२,८१२ जॉन्सन होते, स्मिथच्या खालोखाल. स्वीडनचे योहान्सन आणि योन्सन, नॉर्वे-डेन्मार्कचे योहान्सेन तिथे उतरल्यावर जॉन्सन झाले. मिनेसोटात हे सर्वांत मोठं आडनाव आहे ते त्यांच्यामुळे. आणि अमेरिकेतल्या जॉन्सनांपैकी सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय आहेत. गुलामगिरीत आणि तिच्या अंतानंतर त्यांच्या पूर्वजांकडे आलेलं किंवा त्यांनी स्वीकारलेलं हे नाव. १९०८ मध्ये जागतिक हेवीवेट विजेता झालेला जॅक जॉन्सन त्यांच्यातला. त्याच्या नावावरून यॉर्कशरपर्यंत रेघ ओढणं चूक आहे.

ब्रिटनचे माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्यापर्यंतही ती रेघ सरळ जात नाही. त्यांचे पणजोबा अली केमाल हे तुर्की पत्रकार. अली केमाल यांचा मुलगा इंग्लंडमध्ये आजीकडे वाढला आणि त्याने तिचं माहेरचं आडनाव, जॉन्सन, घेतलं.

आणि केरळमध्ये तर जॉन्सन हे पहिलं नाव म्हणून सर्रास ठेवतात. मल्याळी सिनेमाचे एक थोर संगीतकार नुसतेच जॉन्सन म्हणून ओळखले जातात. तिथल्या ख्रिस्ती घरांत बापाचं नाव मुलाच्या नावापुढे लागतं, त्यामुळे जॉन्सनचा मुलगा पुन्हा ‘अमुक जॉन्सन’ होतो. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत १५०० मीटरचं सुवर्ण जिंकणारा जिन्सन जॉन्सन केरळचाच. त्याच्या नावापुढचं जॉन्सन इंग्लंडहून वंशपरंपरेने आलेलं नाही. केरळात कोणी जॉन्स्टन असा तयार होत नाही, कारण त्यासाठी अ‍ॅननडेलमधली ती जमीन लागते.