उधारीचे इमले: एव्हरग्रँडच्या पडझडीमागची तीस वर्षं

२० सप्टेंबर २०२१, सोमवार. हाँगकाँगचा हँगसेंग निर्देशांक तीन टक्क्यांहून जास्त घसरला. मुंबईत सेन्सेक्स ५२५ अंकांनी खाली आला आणि टाटा स्टीलचा शेअर तर नऊ टक्क्यांच्या वर आपटला. आपल्याकडच्या पोलाद कंपनीचा चीनमधल्या एका बिल्डरशी संबंध काय? इतकाच, की चीनमध्ये इमारती उठायच्या थांबल्या तर लोखंडाला गिऱ्हाईक उरत नाही. या बिल्डरचं नाव एव्हरग्रँड, चिनी भाषेत हंगदा. डोक्यावर देणी १.९७ लाख कोटी युआनची, म्हणजे ३० हजार कोटी डॉलरच्या वर. २००८ मध्ये बुडून जगभर मंदी पसरवणाऱ्या अमेरिकी बँकेच्या, लेहमन ब्रदर्सच्या, नावावरून 'चीनचं लेहमन' असा गवगवा झाला.

ही तुलना मला कधी पटली नाही. परदेशी गुंतवणूकदार ज्यांच्यासाठी धास्तावले होते, ते डॉलर रोखे, म्हणजे परदेशातून डॉलरमध्ये उचललेलं कर्ज, होते जेमतेम २ हजार कोटी डॉलरचे. व्याजाचं सगळं कर्ज एकत्र धरलं तरी ते एकूण देण्यांच्या एक तृतीयांशापेक्षा कमी भरत होतं. बाकीची सरळ सरळ उधारी होती: सिमेंट-सळ्यावाल्यांची आणि ठेकेदारांची तुंबलेली बिलं, आणि पैसे भरून चावीची वाट पाहत बसलेली कुटुंबं. या उधारीची गोष्ट कंपनीच्या जन्माआधीच सुरू होते.

चीनमध्ये शहरातली जमीन सरकारच्या मालकीची. विकला जातो तो वापराचा हक्क, घरांसाठी ७० वर्षांचा. १९९४ मध्ये करांची नवी वाटणी झाली. महसुलाचा मोठा वाटा बीजिंगकडे गेला आणि खर्चाची जबाबदारी मात्र शहरांच्या गळ्यात राहिली. हातात विकण्याजोगं एकच काय ते उरलं, जमीन. मग १९९८ मध्ये नोकरीच्या ठिकाणाहून घर मिळण्याची जुनी पद्धत बंद झाली आणि घर ही बाजारात विकत घ्यायची वस्तू बनली.

विक्रीची रीत हाँगकाँगकडून घेतली. तिथे १९५० च्या दशकापासून न बांधलेले फ्लॅट हप्त्यांवर विकायची चाल होती. अशा फ्लॅटला कँटोनीजमध्ये 'लौ फा' म्हणतात, इमारतीचं फूल. फळ नंतर धरणार! चीनमध्ये याला गृहकर्जाची जोड मिळाली. घर तयार नसलं तरी खरेदीदाराचा बँकेचा हप्ता लगेच सुरू. त्या पैशातून बिल्डर पुढची जमीन घेणार आणि तिच्यावरची 'फुलं' विकून तिसरी. चाक फिरत राहिलं पाहिजे, बस्स.

हे चाक सर्वांत जोरात फिरवलं ते शू च्याइन यांनी. हनान प्रांतातल्या एका खेड्यात १९५८ चा जन्म, आई लहानपणीच गेलेली, आजीनं वाढवलेलं पोर. पोलाद कारखान्यात नोकरी, मग दक्षिणेची वाट, आणि १९९६ मध्ये ग्वांगचौमध्ये एव्हरग्रँड. २००८ च्या मंदीत शेअरविक्री फसली तेव्हाच कंपनी बुडायची, पण हाँगकाँगच्या धनिकांनी पैसे घालून तारलं आणि २००९ मध्ये ती तिथल्या बाजारात सूचीबद्ध झाली. त्यानंतर हात आखडता घेणं जणू तिला ठाऊकच नव्हतं. फुटबॉल क्लब घेतला (त्यानं २०१३ आणि २०१५ मध्ये आशियाचं विजेतेपदही मिळवलं), बाटलीबंद पाणी काढलं, विजेवरच्या गाड्यांची घोषणा केली. २०१७ मध्ये शू चीनमधले सर्वांत श्रीमंत गृहस्थ ठरले.

घरं राहण्यासाठी असतात, सट्ट्यासाठी नाहीत, असं सरकार २०१६ पासून म्हणत होतं. खरा लगाम ऑगस्ट २०२० मध्ये बसला. मालमत्तेच्या प्रमाणात देणी किती, भांडवलाच्या प्रमाणात कर्ज किती आणि जवळच्या मुदतीची कर्जं फेडण्याइतकी रोकड आहे का, अशा तीन 'लाल रेषा' आखल्या गेल्या. एव्हरग्रँडनं तिन्ही ओलांडल्या होत्या. नवं कर्ज बंद झालं आणि चाक अडलं.

म्हणूनच सप्टेंबर २०२१ मध्ये शेनचेनच्या मुख्यालयात आरडाओरडा करायला आले ते न्यूयॉर्कचे फंडवाले नव्हेत. जास्त व्याजाच्या आमिषानं कंपनीच्या गुंतवणूक योजनांत पैसे अडकवलेले ते साधे लोक होते. काही तर कंपनीचेच कर्मचारी. रोख्यांच्या ८ कोटी ३५ लाख डॉलर व्याजाची तारीख चुकली, ती सवलतीच्या मुदतीत कशीबशी सावरली. डिसेंबरमध्ये पुढचं व्याज थकलं आणि फिच या पतमापन संस्थेनं कंपनीनं कर्ज बुडवल्याचा शिक्का मारला.

लेहमनसारखा जगभर भूकंप झाला नाही. तडा दुसरीकडे गेला. २०२२ च्या उन्हाळ्यात जिंगदेचेन या चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात एव्हरग्रँडच्या रखडलेल्या प्रकल्पातल्या खरेदीदारांनी जाहीर केलं, की काम सुरू होत नाही तोवर गृहकर्जाचे हप्ते भरणार नाही. काही आठवड्यांत शेकडो प्रकल्पांत हेच लोण पसरलं. या बहिष्काराला सरकार जितकं घाबरलं तितकं रोखेधारकांना कधीच घाबरलं नव्हतं. 'बाओ च्याओ लौ', म्हणजे घरांचा ताबा मिळालाच पाहिजे, ही घोषणा वर आली आणि बाकीचे धनको रांगेत मागे गेले.

सप्टेंबर २०२३ मध्ये शू ताब्यात गेले, जानेवारी २०२४ मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयानं कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. दोनच महिन्यांत चीनच्या बाजार नियामकानं सांगितलं, की २०१९ आणि २०२० या दोन वर्षांत मुख्य उपकंपनीनं ५६,४०० कोटी युआनचं उत्पन्न फुगवून दाखवलं होतं. कसं? बरीचशी विक्री वेळेआधीच हिशेबात धरून. फूल दाखवून फळाचे पैसे लावले होते, तेही वहीत.

२५ ऑगस्ट २०२५ रोजी शेअर हाँगकाँगच्या बाजारातून कायमचा उतरला. तोवर अवसायकांकडे, म्हणजे बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून धनकोंची देणी भागवणाऱ्यांकडे, आलेले दावे सुमारे ४,५०० कोटी डॉलरचे होते. मालमत्ता विकून हाती आलेली रक्कम होती साधारण २५ कोटी डॉलर.