कॅनडात शिकायला गेलं की पीआर (तिथे कायम राहण्याचा परवाना) मिळतोच?
जळगाव-धुळ्याकडे वर्षानुवर्षं ऐकू येतं, ‘पोराला कॅनडात कॉलेजला घाला, पीआर मिळतोच.’ तसं अजिबात नाही. स्टडी परमिट हा तात्पुरता परवाना. 2024 पासून त्यांच्या संख्येवरही मर्यादा आली. पीआरचा अर्ज वेगळा. एक्सप्रेस एन्ट्री या पीआरसाठीच्या निवड पद्धतीत वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण मोजतात. अविवाहिताला वयाचे पूर्ण 110 गुण 20 ते 29 मध्येच, तिशीपासून घट सुरू. सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला 24 तासच काम करता येतं, त्यात फी निघेल असा हिशेब धरू नका.

रावेरकडची केळीची बाग गहाण टाकण्याआधी पोराला विचारा, पीआर नाहीच मिळाला तरी हाच कोर्स करशील का? ‘शेजारचा गेला’ एवढंच कारण निघालं, तर कर्जाचा अर्ज थांबवा.