पाळणाघर, कामाच्या ठिकाणचे

कष्टकरी व नोकरदार आईवडिलांची सहा वर्षांखालील मुले कामाच्या वेळात सांभाळण्यासाठी मालकाने कामाच्या जागी किंवा तिच्या जवळपास केलेली सोय. अनुभवी स्त्रिया बाळंतपणानंतर नोकरी सोडून जाऊ नयेत, यासाठीचा उपाय म्हणून मोठ्या कंपन्या अलीकडे तिच्याकडे पाहू लागल्या आहेत. भरतीच्या जाहिरातींत ती विमा, जिम, समुपदेशन यांच्या शेजारी सवलत म्हणून छापली जाते. भारतात ती सवलत नाही. ठरावीक आकाराच्या आस्थापनांवर ते कायद्याचे बंधन आहे आणि या बंधनामागे शंभर वर्षांचा कामगार-इतिहास आहे.

स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे गिरणीचालक रॉबर्ट ओवेन यांनी १८१६ मध्ये कामगारांच्या लहान मुलांसाठी शाळा उघडली. पॅरिसमध्ये फिर्मँ मार्बो यांनी १८४४ मध्ये कष्टकरी आयांसाठी पाळणाघर सुरू केले. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, अमेरिकेतील पोर्टलंड येथे कायझर जहाजबांधणी कारखान्यांनी तिन्ही पाळ्यांत चालणारी पाळणाघरे काढली. पाळी संपवून निघालेल्या आईला घरी न्यायला शिजवलेले जेवणही तिथे मिळे. युद्ध संपले तशी ती बंद झाली. हातांची गरज असेपर्यंतच मुलांची काळजी, हा अनुभव पुढेही अनेक ठिकाणी आला.

मुंबईच्या कापड गिरण्यांत रिळिंग आणि वाइंडिंग ही सूत गुंडाळण्याची खाती मुख्यतः बायकांची. तान्ही मुले चाळीतल्या खोलीत ठेवून त्या पाळीला येत आणि मूल रडू नये, झोपून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत. १९२० च्या दशकातील सरकारी पाहणीत ही प्रथा सर्रास असल्याचे नोंदले गेले. त्या आयांना दोष देणे सोपे होते. पण मूल ठेवायला दुसरी जागा त्यांना कोणी दिली नव्हती. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि या खर्चाची प्राथमिक जबाबदारी सरकारची असल्याचे सांगितले. मुंबई प्रसूतिलाभ कायदा १९२९ मध्ये झाला; देशातला तो अशा प्रकारचा पहिला कायदा. मात्र त्याने मिळाली ती बाळंतपणाची रजा आणि भत्ता. रजा संपल्यावर मुलाचे काय, हा प्रश्न तसाच राहिला. पाळणाघरांची शिफारस १९३१ मध्ये कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या रॉयल कमिशनने केली, १९३४ च्या कारखाने कायद्याने प्रांतिक सरकारांना तसे नियम करण्याचा अधिकार दिला आणि १९४८ च्या कायद्यात ही तरतूद बंधनकारक झाली.

या कायद्यानुसार आधी पन्नासपेक्षा आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर तीसपेक्षा जास्त स्त्रिया असलेल्या कारखान्यात हवेशीर, उजेडाची, स्वच्छ खोली आणि प्रशिक्षित बाई ठेवणे आवश्यक ठरले. मळे, खाणी, बांधकाम यांसाठी वेगळे कायदे झाले. यांत मुख्यतः मोजले जात होते स्त्रियांचे डोके, आणि तिथेच मोठी चूक होती. पाळणाघराचा खर्च स्त्रियांच्या संख्येला बांधला की बायका कमी घेण्यात मालकाचा फायदा होतो. शिवाय मूल ही एकट्या आईची जबाबदारी, हे कायद्यानेच मान्य केल्यासारखे होते.

२०१७ च्या प्रसूतिलाभ दुरुस्तीने ही मोजणी बदलली. पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली (दोन मुले असलेल्या आईला १२ च), आणि स्त्री-पुरुष मिळून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायचे, आणि या हक्कांची माहिती नेमणुकीच्या वेळी लेखी द्यायची, असेही त्यात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत पन्नासची अट कायम आहे. मात्र कर्मचारी राज्य विमा योजनेत नसलेल्या स्त्रियांच्या रजेचा पगार पूर्वीप्रमाणेच मालकाच्या खिशातून जातो. त्यामुळे लहान कंपन्या तरुण विवाहित मुलींना घ्यायला कचरतात, ही तक्रार रास्त आहे. हा भार विम्याने किंवा सरकारी निधीने वाटून घेतल्याशिवाय ती मिटणार नाही.

चार वेळा जाण्याची मुभा कागदावर सोपी वाटते. जोडणीच्या लाइनवर उभी असलेली बाई जागा सोडते तेव्हा तिच्या जागी उभे राहायला बदली माणूस लागतो. तो नसेल तर सुपरवायझरच्या कपाळावर आठी येते आणि दुसऱ्या आठवड्यापासून बाई स्वतःहून जाणे बंद करते. म्हणून चांगल्या पाळणाघराची परीक्षा रंगवलेल्या भिंतींवरून करू नये. लाइनवर बदली माणूस ठेवला आहे का आणि दुसऱ्या पाळीला दार उघडे असते का, हे पाहावे.

जागेचाही प्रश्न आहे. कार्यालयातच पाळणाघर असणे नेहमीच सोयीचे नसते. आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन हिंजवडीच्या वाहतुकीतून रोज जाणे-येणे हे आईचे आणि बाळाचे हाल आहेत. डोंबिवलीहून गर्दीच्या लोकलने मुंबई गाठणाऱ्या आईला तर ते अशक्यच. म्हणून काही कंपन्या आता कर्मचाऱ्यांच्या घराजवळील पाळणाघरांशी करार करतात किंवा शुल्काचा वाटा उचलतात. शेजारच्या कार्यालयांनी मिळून एकच पाळणाघर चालवणेही कायद्याला मान्य आहे. करोनानंतर आठवड्यातले काही दिवस घरून काम करण्याची पद्धत रुळली, तशी घराजवळच्या सोयीची मागणी वाढली. प्रत्यक्षात महाराष्ट्राच्या शहरांतला नोकरदार मध्यमवर्ग गेली कित्येक दशके उभा आहे तो सोसायटीतल्या पाळणाघरवाल्या काकूंच्या भरवशावर. त्यांच्या कामाला ना प्रशिक्षण मिळाले, ना धड मोबदला. एसटी स्थानकांतले व सरकारी कार्यालयांतले हिरकणी कक्ष स्तनपानापुरते आहेत; ते पाळणाघराची जागा घेऊ शकत नाहीत.

असंघटित क्षेत्रात पहिले भरीव काम मीरा महादेवन यांनी केले. दिल्लीत १९६९ मध्ये बांधकामावरच्या मजुरांची मुले मातीच्या ढिगाऱ्यांत पडलेली पाहून त्यांनी ‘मोबाइल क्रेशेस’ संस्था सुरू केली. काम हलले की पाळणाघरही त्यामागे हलणार, ही तिची पद्धत. पुढे ती मुंबई-पुण्यातही आली. केंद्राच्या ‘पालना’ योजनेत २०२२ पासून अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचा प्रयत्न आहे. एरवी अंगणवाडी काही तासांत सुटते आणि मजुरीचा दिवस संध्याकाळपर्यंत चालतो.

सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांना कायद्याच्या अर्थाने कामाची जागाच नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो; बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास निघालेल्या टोळ्या पाच-सहा महिने कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात आणि तान्ही मुले फडाच्या कडेला असतात. साखरशाळा आणि संत भगवानबाबा वसतिगृहे शाळेच्या वयाच्या मुलांसाठी आहेत. त्याखालच्या मुलांसाठी तशी रुजलेली व्यवस्था नाही. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, मुकादमामार्फत मिळते आणि मजूर साखर कारखान्याच्या हजेरीपटावर नसतात, त्यामुळे पन्नासच्या मोजणीत हे कोयते कोणाच्याच खात्यावर येत नाहीत.