पद्मिनी स्लोवर का टिकत नाही

इंदूरला रामबागेत मामांकडे अजून प्रीमियर पद्मिनी आहे. 1089 सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, त्या चौघांत मिळून एक कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. गेल्या थंडीत ती गल्लीच्या तोंडाशी आली, की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलताच, म्हणजे स्लोवर, बंद पडायची. मामांचा इलाज ठरलेला: बॉनेट उघडून पेचकसाने स्पीडचा स्क्रू अर्धा फेरा आत. बंद पडणं थांबलं, पण सिग्नलला गाडी गुरगुरत उभी राहायची आणि पेट्रोलचा वास थेट मागच्या सीटपर्यंत.

चूक नेमकी कुठे होती ते कळायला कार्ब्युरेटरच्या पोटात डोकावावं लागतं. त्याची नळी मध्ये अरुंद केलेली असते. तिथून हवा जोरात जाते, जोरात जाणाऱ्या हवेचा दाब घटतो आणि मुख्य जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक तोटीतून, पेट्रोल वर खेचलं जातं. बर्नुलीने 1738 साली मांडलेलंच हे तत्त्व. पण अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की खालची थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटते. हवा इतकी मंद होते, की मुख्य जेट मुकं राहतं.

चकतीच्या खाली मात्र वेगळंच चाललेलं असतं. पिस्टन हवा ओढताहेत आणि वरून ती येत नाही. दाब बाहेरच्या हवेच्या एक तृतीयांशाच्या आसपास उतरतो. नेमक्या त्याच जागी भिंतीत एक बारीक भोक ठेवलेलं असतं. स्लो जेटमधून आलेलं, हवेने फेसाळलेलं पेट्रोल तिथून आत शिरतं. म्हणजे स्लोवर गाडी चालते ती कार्ब्युरेटरच्या आतल्या दुसऱ्याच, चिमुकल्या कार्ब्युरेटरवर. मिक्श्चरच्या स्क्रूचं टोक या भोकात बसतं आणि तिथून किती पेट्रोल शिरेल ते ठरवतं. स्पीडचा स्क्रू फक्त चकतीला पूर्ण मिटू देत नाही, बाकी काही नाही.

चकतीच्या कडेला लागून वर आणखी एक-दोन भोकं असतात, पाय दाबताना मधला झटका बसू नये म्हणून. मामांनी स्पीडचा स्क्रू पिळत नेला, तशी ती भोकं उघडी पडली आणि पेट्रोल तिथूनच यायला लागलं. मी मिक्श्चरचा स्क्रू पूर्ण बंद केला, तरी इंजिन चालूच! खरं तर ते तिथल्या तिथे मरायला हवं होतं.

मग पहिल्यापासून. आधी ठिणगीची बाजू, म्हणजे पॉइंटचा गॅप आणि टायमिंग पाहिलं. ते बिघडलेलं असताना कार्ब्युरेटरशी खेळणं व्यर्थ. इंजिन नीट गरम, चोकची मूठ आत (म्हणजे चोक बंद), गाडी उघड्यावर, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्पीडचा स्क्रू मागे घेतला. मिक्श्चरचा अलगद टेकवून दीड फेरा सोडला (जोर केला तर सुईच्या टोकाला कडा पडते). आता कानाचं काम: आत नेला, की इंजिन अडखळतं, फार बाहेर काढला, की जड, लंगडत चालतं. मधे जिथे सगळ्यांत मोकळं आणि जलद फिरतं, तिथे थांबायचं, मग स्पीड उतरवायचा आणि पुन्हा तेच. आम्हाला तीन फेऱ्या लागल्या.

स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल, तर जेट तुंबलेलं असतं किंवा व्हॅक्यूमचा एखादा पाइप तडकलेला असतो.

आता पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलची भर. पेट्रोलला वजनाच्या साधारण 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. त्यात ऑक्सिजन आधीच असतो. 20 टक्के इथेनॉलवर जुनी सेटिंग म्हणूनच हवेकडे झुकते, म्हणजे इंधन कमी पडतं. मामांनी शेवटी पाव फेरा जास्त सोडला. त्यापुढे मी हात धरला. पेट्रोल जास्त झालं, की धुरात कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि एवढ्या जुन्या गाडीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे.