हाताने चालवायची ग्रीस गन: दाबाच्या वंगणामागची पार्श्वभूमी

ग्रीस गन, म्हणजे यंत्राच्या सांध्यांत दाबाने ग्रीस भरण्याचे अवजार, निवडताना बहुतेक जण वेष्टनावरचा दाबाचा आकडा पाहतात, आणि जितका आकडा मोठा तितकी गन चांगली असा सरळ हिशेब करतात. प्रत्यक्षात हाताने चालवायची साधी तरफेची गनसुद्धा गरजेपेक्षा कितीतरी जास्त दाब देते; तिच्यामुळे होणाऱ्या तक्रारी बहुधा कपलर (गनच्या नळीचे पकडणारे तोंड) निपलवर (यंत्रावर कायम बसवलेल्या वंगणाच्या टोकावर) न बसण्याच्या, नळकांड्यात हवा अडकण्याच्या, चुकीचे ग्रीस भरले जाण्याच्या किंवा नको तितके ग्रीस आत गेल्याच्या असतात. या प्रत्येक तक्रारीमागे या अवजाराच्या घडणीचा एकेक टप्पा आहे, आणि तो ध्यानात घेतला की गन कोणती घ्यावी आणि कशी वापरावी हे बरेचसे आपोआप स्पष्ट होते.

फिरत्या आसाला चरबी लावण्याची पद्धत चाकाइतकीच जुनी म्हणावी लागेल. रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात डब्यांच्या आसपेट्यांत चरबी, पाम तेल, सोडा आणि पाणी यांचे मिश्रण भरत असत. आस तापला की ते मऊ होऊन खाली झिरपे. 1859 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे ड्रेक यांच्या विहिरीतून खनिज तेल निघाले आणि त्यानंतरच्या दशकांत खनिज तेल साबणात बांधून ठेवलेले, आजच्या अर्थाचे ग्रीस सर्वत्र पसरले. वंगण सुधारले, पण ते बेअरिंगपर्यंत पोहोचवण्याचा मार्ग मात्र बराच काळ ओबडधोबडच राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टॉफर नावाने ओळखला जाणारा ग्रीस कप प्रचारात आला. आट्यांची एक छोटी पितळी टोपी ग्रीसने भरायची, बेअरिंगवरच्या बुडख्यावर बसवायची आणि अधूनमधून तिला एखादा वेढा द्यायचा, म्हणजे थोडे ग्रीस आत सरके. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीवरही असे कप होते. या रचनेत एक गुण होता, तो म्हणजे माणसाला प्रमाण कळे. दोष मात्र अनेक होते: टोपी उघडी करून भरताना धूळ आत जाई, कप गळून पडत, आणि जुने ग्रीस आत घट्ट झाले असेल तर बोटांच्या जोराने नवे ग्रीस त्याला ढकलू शकत नसे.

ही अडचण सोडवण्याचे श्रेय सर्वसाधारणपणे शिकागोच्या आर्थर गुलबोर्ग यांना दिले जाते. वडिलांच्या डाय-कास्टिंग (वितळलेला धातू साच्यात दाबून वस्तू बनवण्याच्या) कारखान्यातील यंत्रांना वंगण घालण्याचे काम त्यांच्याकडे होते. 1916 च्या सुमारास त्यांनी स्क्रूने दाब देणारी एक गन, तिला जोडलेली धातूच्या विणीची लवचीक नळी आणि यंत्रावर कायम बसणारे एक विशेष टोक अशी तीन भागांची जोडणी तयार केली. ‘ॲलेमाइट’ या नावाने ती बाजारात आली आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या वाहनांवर वापरली गेली. यातील महत्त्वाची कल्पना गनपेक्षा त्या टोकात होती. वंगणाचा साठा यंत्रावर न ठेवता माणसाच्या हातात ठेवायचा आणि यंत्रावर फक्त एक बंद दार ठेवायचे, अशी ती विभागणी होती. धूळ, गळती आणि अपुरा दाब या तिन्ही तक्रारींवर तिने एकाच वेळी इलाज केला.

या पहिल्या टोकावर आडवी पिन असे. नळीचे तोंड त्यावर चढवून फिरवले की ते अडकून बसे. चिखलाने माखलेल्या चाकाखाली, वाकड्या कोनातून हे अडकवणे किती कटकटीचे होत असेल याची कल्पना करता येते. व्हिएन्नात 1878 मध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले ऑस्कर झर्क यांनी ही पिन काढून टाकली. त्यांच्या टोकावर गनचे तोंड नुसते दाबून धरायचे असे. माणसाच्या ढकलण्याच्या जोरानेच सांधा बंद राही. या रचनेचे अमेरिकी पेटंट त्यांना जानेवारी 1929 मध्ये मिळाले आणि आजही अमेरिकेत ग्रीस निपलला सर्रास ‘झर्क’ म्हणतात. तोवर ग्रीस गन मोटारमालकाच्या घरगुती हत्यारांत शिरली होती. 1927 च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या मॉडेल ए सोबत मिळणाऱ्या हत्यारांच्या संचात ती असे.

दाबून धरण्याच्या या पद्धतीचीही मर्यादा होती, कारण आतून दाब वाढला की तोंड मागे ढकलले जाई आणि ग्रीस बाहेर पसरे. 1930 च्या दशकात तिच्यातून आजचा सांधा तयार झाला, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. निपलचे डोके गोलसर असते आणि डोक्याखाली बारीक मान असते. डोक्याच्या मधल्या भोकात स्प्रिंगवर टेकलेला एक छोटा पोलादी छर्रा असतो. बाहेरून दाब आला की तो खाली दबतो, दाब थांबला की वर येऊन भोक बंद करतो. कपलरच्या तोंडात तीन किंवा चार पोलादी जबडे असतात. कपलर निपलवर दाबला की जबडे डोक्यावरून सरकून मानेला धरतात, आणि आतला दाब जसा वाढतो तसे ते अधिक घट्ट आवळतात. म्हणजे ज्या दाबाने पूर्वी सांधा सुटत असे, त्याच दाबाला आता सांधा धरून ठेवण्याच्या कामाला लावले आहे. कपलर सरळ मागे ओढल्यास म्हणूनच सुटत नाही. तो किंचित तिरका करून काढायचा असतो, म्हणजे उरलेला दाब निघून जातो. जबडे झिजले की कपलरच्या कडेने ग्रीस येऊ लागते, आणि मग लोक गनला दोष देतात; बदलायला हवा असतो तो कपलर.

त्या काळात हे अवजार अमेरिकेत इतके घरोघरी परिचित झाले होते की डिसेंबर 1942 मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या एम-3 या सबमशीन गनला सैनिकांनी तिच्या गोल नळकांड्यासारख्या आकारावरून ‘ग्रीस गन’ हेच टोपणनाव दिले. योगायोग असा की ती बनवणारा कारखानाही मोटारी बनवणाऱ्या जनरल मोटर्स कंपनीच्या दिव्यांच्या विभागाचा होता.

सांध्याचे स्वरूप ठरले तरी सगळ्या जगात एकच माप रुळले असे मात्र झाले नाही. अमेरिकेत निपलची मापे एसएई जे-534 या मानकाने बांधली गेली. जर्मनीत शंकूच्या डोक्याच्या निपलसाठी डिन 71412 आणि चपट्या डोक्याच्या निपलसाठी डिन 3404 ही मानके आली. शंकूच्या डोक्याचे निपल सरळ, 45 अंशाचे आणि 90 अंशाचे अशा तीन प्रकारांत मिळतात आणि नेहमीचा कपलर त्यांवर बसतो. जड यंत्रांवर दिसणाऱ्या चपट्या, बटणासारख्या निपलवर मात्र तो बसत नाही. त्यासाठी बाजूने सरकवून अडकवायचा वेगळा कपलर लागतो. गनच्या टोकाच्या आट्यांतही असेच दोन प्रवाह आहेत: एका परंपरेत 1/8 इंची पाइपचे आटे, दुसरीत 10 मिलिमीटर व्यासाचे आणि 1 मिलिमीटर अंतराचे मेट्रिक आटे. दोन्ही दिसायला इतके जवळचे असतात की एकावर दुसरे एखादा वेढा चढतेही. पुढे जोर लावला की आटे कापले जातात. म्हणून गन विकत घेण्याआधी आपल्या यंत्रावर कोणते निपल आहेत, ते किती अवघड जागी आहेत आणि सरळ कडक नळी पुरेल की लवचीक होज लागेल, हे पाहणे दाबाचा आकडा पाहण्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.

तरफेच्या गनची आतली रचना साधी आहे. नळकांड्यात ग्रीसच्या मागे स्प्रिंगवर चालणारी चकती असते. ती ग्रीस पुढच्या डोक्याकडे सरकवते. तेथे एक बारीक दट्ट्या प्रत्येक ठोक्याला थोडे ग्रीस आपल्या भोकात घेतो आणि एकदिशा झडपेतून पुढे लोटतो. सुमारे 8 मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ अर्धा चौरस सेंटिमीटर भरते. हाताने 20 किलो जोर लावला आणि तरफेने तो दहापट केला, तर दट्ट्यावर 200 किलो येतात, म्हणजे दाब जवळजवळ 400 बार होतो. एवढ्या दाबासाठी कोणालाही विशेष ताकद लावावी लागत नाही. लांब तरफेच्या गन याहूनही पुढे जातात, तर एका हाताने चालणारी पिस्तूलमुठीची गन तुलनेने कमी दाब आणि दर ठोक्याला कमी ग्रीस देते. पण तिच्यामुळे दुसरा हात कपलर धरायला मोकळा राहतो, आणि अडचणीच्या जागी ही सोय दाबापेक्षा मोलाची असते.

दट्ट्याचे भोक बारीक असल्यामुळेच हवेचा एखादा बुडबुडाही गन बंद पाडू शकतो. हवा दाबली जाते आणि पुन्हा फुगते, तरफ हलत राहते आणि ग्रीस पुढे जात नाही. म्हणून डोक्याजवळ हवा सोडण्याची छोटी झडप असलेली गन घ्यावी. नवी कार्ट्रिज (ग्रीस भरलेली तयार नळी) बसवल्यावर डोके आटे घट्ट होण्याआधी एक-दोन वेढे सैल ठेवून चकतीचा दांडा मोकळा सोडावा. हवा आट्यांतून निघून जाते आणि मग डोके आवळता येते. डब्यातून सुटे ग्रीस भरणे स्वस्त पडते, परंतु त्यात हवेचे कप्पे आणि धूळ या दोन्ही गोष्टी आत येण्याची शक्यता फार; सुमारे 400 ग्रॅमच्या तयार कार्ट्रिज रुळल्या त्या मुख्यतः यामुळेच.

ग्रीसचाही स्वतंत्र इतिहास आहे आणि गनच्या वापराशी त्याचा थेट संबंध येतो. जुने कॅल्शियम साबणाचे ग्रीस पाण्याला टिके, पण साधारण 80 अंश सेल्सियसच्या आसपास फुटे. सोडियमचे ग्रीस उष्णता सोसे, पण पाण्याने धुऊन जाई. त्यामुळे एकाच यंत्रासाठी दोन-तीन ग्रीस आणि तितक्याच गन ठेवाव्या लागत. 1942 मध्ये क्लॅरेन्स अर्ल यांनी पेटंट घेतलेल्या लिथियम साबणाच्या ग्रीसने उष्णता आणि पाणी दोन्ही बऱ्यापैकी सांभाळले आणि बहुउपयोगी ग्रीसची कल्पना रुजली. घट्टपणाची प्रतवारी 1933 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील एनएलजीआय या संस्थेच्या नावाने चालते. 25 अंशांना ठरावीक शंकू ग्रीसमध्ये किती खोल जातो यावरून ती ठरते. हातगनसाठी नेहमीची असलेली 2 क्रमांकाची प्रत 265 ते 295 दशांश मिलिमीटरमध्ये येते. कडक थंडीत मात्र ती चकतीच्या पुढे घट्ट राहते आणि 1 किंवा 0 क्रमांक वापरावा लागतो. बहुउपयोगी या शब्दामुळे कोणतेही ग्रीस कशातही मिसळले तरी चालते असा एक गैरसमज पसरला आहे. यंत्रे फिरवणाऱ्या विजेच्या मोटरींत अनेकदा असणारे पॉलियुरिया ग्रीस आणि लिथियम ग्रीस एकत्र आले की मिश्रण पातळ होऊन वाहून जाण्याचा धोका असतो. रंगावरून ओळखण्यात अर्थ नाही, कारण रंग उत्पादक हवा तसा घालतो. एका गनमध्ये एकच ग्रीस आणि गनवर त्याच्या नावाची पट्टी, एवढी शिस्त पुरते.

ग्रीस कपच्या काळात वेढ्यावरून कळणारे प्रमाण गनच्या काळात हरवले, हे या अवजाराचे खरे न्यून आहे. बेअरिंगच्या कडेचे, वंगण आत राखणारे ऑईल सील तुलनेने थोड्या दाबाने उलटते. गन त्याच्या कितीतरी पट दाब देते. जास्त झालेले ग्रीस वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये घुसळून तापते. यावर बेअरिंग उत्पादकांकडून रूढ झालेला हिशेब असा: बेअरिंगचा बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि त्याला 0.005 ने गुणायचे. उत्तर ग्रॅममध्ये येते. 6310 क्रमांकाच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास 110 आणि रुंदी 27 मिलिमीटर, म्हणजे पुनर्वंगणाला सुमारे 15 ग्रॅम. आता आपली गन एका ठोक्याला किती देते हे कळायला हवे. काट्यावर कागद ठेवून दहा पूर्ण ठोके मारावेत आणि आलेल्या वजनाला दहाने भागावे. गन 1.1 ग्रॅम देत असेल तर या बेअरिंगला 13 ते 14 ठोके झाले. उलट संथ फिरणाऱ्या, धुळीत काम करणाऱ्या खिळींत जुने, काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसू लागेपर्यंत ठोके देणे योग्य असते, कारण तेथे बाहेर येणारे ग्रीसच धूळ अडवते. दोन्हीकडे आधी निपलचे डोके फडक्याने पुसणे अटळ आहे. छर्‍यावर बसलेली वाळू पहिल्याच ठोक्याला थेट बेअरिंगमध्ये जाते, आणि मग वंगण घालण्याने हानीच होते.

निपल तुंबला असेल तर जोर वाढवण्याचा मोह आवरावा. तो आट्यांतून काढून साफ करावा किंवा बदलावा. येथे प्रश्न केवळ यंत्राचा नाही. दाबाखालील ग्रीस होजच्या बारीक चिरेतून निघाले तर ते त्वचेला भेदून आत शिरते, आणि अशा जखमांच्या नोंदी 1930 च्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत येत आहेत. सुरुवातीला बोटावर टाचणीएवढे भोक दिसते आणि वेदनाही फारशी नसते. याच कारणाने माणूस काम करत राहतो. आत पसरलेले ग्रीस काही तासांत ऊती मारू लागते आणि उशीर झाल्यास बोट कापावे लागण्याची वेळ येते. म्हणून होज हाताच्या मुठीत धरू नये, गळती बोटाने चाचपू नये, आणि असे भोक पडल्यास काय घुसले हे सांगून तत्काळ रुग्णालयात जावे.

1960 च्या दशकापासून मोटारींत कायम सीलबंद सांधे वाढत गेले आणि घरगुती मोटारमालकाच्या पेटीतून ग्रीस गन बरीचशी नाहीशी झाली. शेतीची यंत्रे, माती उकरणारी यंत्रे, ट्रकचे सांधे आणि यंत्रे फिरवणाऱ्या विजेच्या मोटरी यांच्याकडे ती राहिली. आता बॅटरीवर चालणाऱ्या गन मिळतात आणि दिवसभर शेकडो निपल करणाऱ्याला त्या सोयीच्या आहेत. मात्र आत शिरणाऱ्या ग्रीसचा विरोध हातगनच्या तरफेवर जसा जाणवतो तसा तेथे जाणवत नाही, आणि ठोक्याचे वजन करून ठेवण्याची गरज त्यामुळे अधिकच वाढते.