कॅलिफोर्नियात स्वतःची क्राफ्ट ब्रुअरी: सल्लागाराच्या पहिल्या भेटीपासून परवान्यापर्यंत

अमेरिकेत घरी बिअर बनवण्याला संघराज्य पातळीवर 1978 साली मोकळीक मिळाली. एकट्या प्रौढ व्यक्तीच्या घरात वर्षाला 100 गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ राहत असलेल्या घरात 200 गॅलन बिअर कर न भरता बनवता येते, मात्र त्यातला एक ग्लासही विकता येत नाही. गॅरेजमध्ये हात बसला, मित्रांनी वाखाणणी केली आणि विक्रीचा विचार मनात आला, की कायद्याची पहिली अडचण जागेची येते. विक्रीसाठीची ब्रुअरी राहत्या घरात किंवा घराला जोडलेल्या वास्तूत चालवता येत नाही. म्हणून स्वतंत्र जागा हवी. ब्रुअरीचा प्रत्येक परवाना विशिष्ट पत्त्याशी बांधलेला असल्यामुळे या लेखातील जवळजवळ सगळे मुद्दे त्या जागेपाशीच येऊन थांबतात.

अर्जासोबत जागेचा ताबा दाखवणारा भाडेकरार द्यावा लागतो, आणि सर्व मंजुऱ्या हाती येईपर्यंत कित्येक महिने विक्रीचा एक डॉलरही येत नाही. या काळात भाडे चालू राहिले तर यंत्रसामग्रीसाठी राखलेली रक्कम त्यातच संपते. यासाठी भाडेकरारावर सही करण्याआधी लघुउद्योग सल्लागाराकडे जावे, असे माझे ठाम मत आहे. स्मॉल बिझनेस डेव्हलपमेंट सेंटर ही केंद्रे स्मॉल बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन या संघराज्य संस्थेच्या निधीतून चालतात, त्यांपैकी अनेक विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या आश्रयाने. तेथील वैयक्तिक सल्ला विनामूल्य आणि गोपनीय असतो. 1964 साली सुरू झालेल्या ‘स्कोअर’ या संस्थेतही अनुभवी व्यावसायिक स्वयंसेवक म्हणून मार्गदर्शन करतात. हे सल्लागार परवाना देत नाहीत, अनुदान देत नाहीत आणि वकिलाची जागाही घेत नाहीत. ते आपले आकडे तपासून देतात आणि भाडेकरारात कोणती अट मागावी हे सुचवतात. मंजुऱ्या मिळाल्यानंतरच भाडे सुरू व्हावे किंवा परवाना नाकारला गेल्यास करारातून बाहेर पडता यावे, अशी अट घरमालकाकडून लेखी घेता आली, तर निम्मे ओझे उतरते.

पहिल्या भेटीला जाताना व्यवसायाचा आराखडा कच्चा असला तरी चालेल, पण वर्षाला किती बॅरल बिअर बनवायची आणि ती कुठे विकायची, याचा अंदाज सोबत असावा. अमेरिकी बॅरल 31 गॅलनचे असते, म्हणजे त्यात 248 पाइंट मावतात. वर्षाला 20 लाख बॅरलपेक्षा जास्त उत्पादन न करणाऱ्या अमेरिकेतील ब्रुअरीला पहिल्या 60,000 बॅरलवर बॅरलमागे 3.50 डॉलर संघराज्य उत्पादन शुल्क पडते. कॅलिफोर्निया राज्याचा कर गॅलनला 20 सेंट, म्हणजे बॅरलला 6.20 डॉलर आहे. दोन्ही मिळून 9.70 डॉलर होतात आणि एका पाइंटमागे जेमतेम चार सेंट पडतात. नवे उद्योजक कराला फार घाबरतात, पण खरा भार भाडे, टाक्या, शीतकरण आणि मजुरीचा असतो. तीच बिअर स्वतःच्या टॅपरूममध्ये, म्हणजे ब्रुअरीतल्याच विक्रीकक्षात, पेल्याने विकली तर संपूर्ण किंमत हाती येते, आणि केगमधून, म्हणजे मोठ्या पिंपातून, वितरकाला दिली तर त्यातला मोठा वाटा दुसऱ्याकडे जातो. हे प्रमाण ठरल्याशिवाय किती क्षमतेची यंत्रणा घ्यावी, हे ठरवता येत नाही.

कर्जाची गरज असेल तर स्मॉल बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशनच्या हमीची 7(अ) योजना 50 लाख डॉलरपर्यंत आणि सूक्ष्मकर्ज योजना 50,000 डॉलरपर्यंत उपलब्ध आहे. 7(अ) कर्जासाठी 20 टक्के किंवा अधिक मालकी असलेल्या प्रत्येकाला वैयक्तिक हमी द्यावी लागते. मालकांच्या नागरिकत्वाविषयीच्या अटी अलीकडे कडक झाल्या आहेत, त्यामुळे भागीदारांपैकी कोणी नागरिक नसेल तर अर्जाच्या दिवशी लागू असलेले नियम सल्लागाराकडून तपासून घ्यावेत. एच-वन-बी व्हिसावरील मराठी मंडळींनी हेही लक्षात ठेवावे की तो व्हिसा विशिष्ट नोकरीशी बांधलेला असतो. पैसे गुंतवणे वेगळे आणि ब्रुअरीत उभे राहून काम करणे वेगळे. याविषयी इमिग्रेशन वकिलाचे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

संघराज्य पातळीवरचा अर्ज अल्कोहोल अँड टोबॅको टॅक्स अँड ट्रेड ब्युरो, अर्थात टीटीबी, या कार्यालयाकडे ऑनलाइन करायचा असतो. त्याला ‘ब्रुअर्स नोटिस’ म्हणतात आणि त्यासाठी शुल्क नाही. कंपनीच्या नोंदणीची कागदपत्रे, मालकी दाखवणारी यादी, करासाठीचा नियोक्ता क्रमांक, भाडेकरार, जागेचा नकाशा, सही करण्याच्या अधिकाराचे पत्र, पर्यावरण आणि सांडपाणी यांविषयीची माहिती आणि भांडवल कुठून आले याचे पुरावे त्यासोबत द्यावे लागतात. प्रमुख मालकांना वैयक्तिक माहितीची प्रश्नावलीही भरावी लागते. भांडवलाच्या पुराव्यात अर्ज हमखास अडकतात. भारतातल्या आईवडिलांनी पाठवलेली रक्कम असेल तर ती भेट आहे की कर्ज, हे लेखी पत्राने आणि बँकेच्या विवरणपत्रांनी आधीच स्पष्ट करावे. वर्षाचे संघराज्य उत्पादन शुल्क 50,000 डॉलरच्या आत राहणार असेल तर हमीपत्र, म्हणजे बाँड, लागत नाही. बॅरलमागे 3.50 डॉलरच्या दराने ही मर्यादा सुमारे 14,285 बॅरलपर्यंत पुरते, त्यामुळे बहुतेक नवख्या ब्रुअऱ्यांना ही सूट मिळते.

राज्याचा परवाना अल्कोहोलिक बेव्हरेज कंट्रोल विभागाकडून मिळतो. 60,000 बॅरलपर्यंतच्या उत्पादकासाठी ‘टाइप 23’ हा परवाना असून त्यात टॅपरूममध्ये विक्री करता येते आणि दुकानांना थेट पुरवठाही करता येतो. पूर्ण रेस्टॉरंटसह बिअर बनवायची असेल तर ‘टाइप 75’ आहे, परंतु त्यात वार्षिक उत्पादनाला 5,000 बॅरलची मर्यादा आहे. अर्ज दाखल झाल्यावर जागेच्या दर्शनी भागी 30 दिवस सूचना लावावी लागते आणि परिसरातील नागरिकांना हरकत नोंदवता येते. शेजाऱ्यांशी आधीच बोलून घेतले तर हरकती बऱ्याच कमी होतात.

शहराची परवानगी मात्र सर्वांत आधी पाहावी, कारण औद्योगिक क्षेत्रात टॅपरूम चालत नाही आणि व्यापारी क्षेत्रात उत्पादन चालत नाही, अशी परिस्थिती अनेक ठिकाणी आढळते. सांडपाण्याचा प्रश्नही येथेच येतो. ब्रुअरीच्या पाण्यात साखर, यीस्ट आणि धान्याचा चोथा असल्याने ते घरगुती सांडपाण्यापेक्षा कितीतरी तीव्र असते. त्यामुळे स्थानिक जलनिस्सारण मंडळ वेगळी परवानगी, प्राथमिक प्रक्रियेची टाकी किंवा जास्त शुल्क मागू शकते. हा खर्च अंदाजपत्रकात नसला, तर पुढे तो कुठूनही काढता येत नाही.

पाककृतीविषयी एक गोष्ट मराठी वाचकांसाठी मुद्दाम सांगतो. मध, कॉफी, आले, धणे यांसारखे रुळलेले घटक वापरल्यास टीटीबीकडून सूत्राची, म्हणजे घटक आणि कृती यांची, पूर्वमंजुरी घ्यावी लागत नाही. कोकम किंवा आमसूल घालायचे असेल तर तो घटक सवलतीच्या यादीत आहे का हे पाहावे आणि नसल्यास आधी सूत्र मंजूर करून घ्यावे. केवळ ज्वारीच्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची), जवाशिवायची बिअर बनवली तर तिचे लेबल अन्न आणि औषध प्रशासनाच्या नियमांखाली येते. कराच्या कायद्यात मात्र ती बिअरच ठरते, म्हणून ब्रुअर्स नोटिस आणि उत्पादन शुल्क दोन्ही लागू राहतात.

उत्पादन सुरू होण्याआधी अन्न आणि औषध प्रशासनाकडे अन्नप्रक्रिया केंद्र म्हणून नोंदणी, राज्याचा विक्रेता क्रमांक आणि टॅपरूममध्ये बिअर वाढणाऱ्यांचे जबाबदार सेवेचे प्रमाणपत्र यांची पूर्तता करावी. एलएलसी, म्हणजे मर्यादित दायित्वाची कंपनी, स्थापन केली असेल तर राज्याचा वार्षिक किमान 800 डॉलरचा फ्रँचाइज टॅक्स हा व्यवसाय करही धरावा. परवाना हाती आल्यावर टीटीबीला ठरावीक मुदतीने कामकाजाचा अहवाल द्यावा लागतो, आणि त्या कालावधीत एक थेंब बिअर बनली नसली तरी शून्याचा अहवाल भरावाच लागतो.