सॅरोस चक्र

ग्रहणांच्या पुनरावर्तनाचा सु. १८ वर्षे ११ दिवस ८ तासांचा काळ. मध्ये पाच लीप दिवस आल्यास १० दिवस. या ६,५८५.३२ दिवसांत २२३ चांद्रमास भरतात. चंद्राच्या राहू (चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या भासमान मार्गाला, छेदते तो बिंदू) ते राहू अशा २४२ आणि उपभू (कक्षेतील पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू) ते उपभू अशा २३९ फेऱ्याही याच सुमारास पुऱ्या होतात. म्हणून परत येणारे ग्रहण प्रकाराने व कालावधीने आधीच्यासारखेच असते.

बॅबिलोनी ज्योतिषांना हे आवर्तन ठाऊक होते. मात्र ते त्याला ‘१८ वर्षे’ एवढेच म्हणत. त्यांच्याकडील ‘शार’ म्हणजे ३,६०० ही संख्या. बेरोसस या ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या बॅबिलोनी इतिहासकाराने सॅरोस हा शब्द ३,६०० वर्षांसाठी वापरला आहे. दहाव्या शतकातील ‘सूडा’ या बायझंटिन कोशात मात्र सॅरोस म्हणजे २२२ चांद्रमास असे दिले आहे. इंग्रज ज्योतिर्विद एडमंड हॅली याने १६९१ मध्ये त्यावरून, रोमन लेखक प्लिनी याच्या ग्रहणावर्तनाविषयीच्या पाठातील आकडा २२३ असा दुरुस्त करून, हे नाव ग्रहणचक्राला दिले. फ्रेंच ज्योतिर्विद ल जांतीय याने १७५६ मध्ये यावर आक्षेप घेतला. प्राचीन ज्योतिषाचा इतिहासकार नॉयगेबाउअर यानेही हे नामकरण गैरसमजातून झाल्याचे मानले असून तेच मत ग्राह्य वाटते. नाव मात्र रूढ होऊन बसले.

अँटिकिथेरा यंत्राच्या (ग्रहगणिताचे प्राचीन ग्रीक दंतचक्री यंत्र; बहुधा इ. स. पू. दुसरे–पहिले शतक) मागील बाजूस २२३ घरांची चार वेढ्यांची सर्पिल तबकडी आहे. तिच्या आतील छोट्या तबकडीवर ८ व १६ हे आकडे असून तिसरे घर कोरे आहे. ते भाकिताच्या वेळेत मिळवायचे तास होत. जादा ८ तासांत पृथ्वी तृतीयांश फिरते, त्यामुळे पुढचे ग्रहण सु. १२० अंश पश्चिमेस दिसते. ११ जुलै १९९१ (मेक्सिको), २२ जुलै २००९ (भारत, चीन) आणि २ ऑगस्ट २०२७ (इजिप्त) ही खग्रास सूर्यग्रहणे एकाच मालिकेतील. त्यांची कमाल खग्रास स्थिती अनुक्रमे ६ मि. ५३ से., ६ मि. ३९ से. व ६ मि. २३ से. तीन चक्रांनी, म्हणजे सु. ५४ वर्षांनी, ग्रहण जवळपास त्याच रेखांशावर येते. अक्षांश मात्र सरकलेला असतो.

राहू ते राहू अशा २४२ फेऱ्या २२३ चांद्रमासांहून सु. ५२ मिनिटांनी मोठ्या भरतात. या फरकामुळे सूर्यग्रहणांची प्रत्येक मालिका एका ध्रुवाजवळ सुरू होऊन बारा-तेरा शतकांत दुसऱ्या ध्रुवाकडे संपते. मालिकांना क्रमांक देण्याची प्रचलित पद्धत वान डेन बेर्ख याची (१९५५); वरील मालिका १३६ वी.